न्याहरीचा वार

आमच्या नातवाने परवा माळ्यावरील पेटी उपसताना आमच्या आजोबांचे एक जुने पत्र बाहेर काढले. विद्यार्थिदशेत त्यांनी ते पुण्याहून आपल्या वडिलांस लिहिलेले. मजकूर चार ओळींचा: प्रकृती ठीक आहे, परीक्षा जवळ आली आहे, आणि ‘मंगळवारचे घर सुटल्यासारखे आहे, दुसरे पाहत आहे.’ ह्या शेवटच्या वाक्याशी मुलगा अडला. मनुष्य मंगळवारी एका घरात आणि बुधवारी दुसऱ्या घरात कसा राहतो, असा त्याचा प्रश्न. वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींस ह्यात काहीच कोडे वाटणार नाही. परंतु वार लावून जेवणे म्हणजे काय, हे आता घरोघरी समजावून सांगावे लागेल, इतकी ती चाल मागे पडली आहे.

गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिक्षणाकरिता गाव सोडून शहरात आला म्हणजे सात वारांची सात घरे धरी. प्रत्येक घर त्यास आठवड्यातून एकदा जेवू घाली. एका घरावर भार पडत नसे आणि मुलाचे शिक्षण पार पडे. हिशेब असा सोपा आणि चोख होता. ह्या हिशेबावर कित्येक वकील, मामलेदार आणि हेडमास्तर निर्माण झाले, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या कुळकथांत आहे. त्या पंक्तीला कोणत्या जातीचा मुलगा बसू शकत होता आणि कोणाचा बसू शकत नव्हता, हेही त्याच कुळकथांत आहे, फक्त ते मोठ्याने सांगितले जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले आणि त्या मुलांच्या तोंडी घास घालण्याकरिता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, तेव्हा आमच्या वारांच्या घरांपैकी किती घरांना त्याची दखल घ्यावीशी वाटली असेल?

असो. आजोबा म्हातारपणी आपल्या सात घरांपैकी तिघांविषयीच बोलत. शुक्रवारच्या घरी घरच्या मुलांच्या पंक्तीत त्यांचा पाट मांडला जाई. सोमवारच्या घरी अन्न सर्वांत चांगले असे; परंतु पाट पडवीत, आणि तोही घरची मंडळी उठल्यावर. त्यामुळे सोमवारी शाळेस उशीर ठरलेला. मंगळवारच्या घरची माणसे अगदी सज्जन. एके मंगळवारी तेथे कुलूप दिसले. मंडळी लग्नाकरिता गावी गेली होती आणि वाराच्या मुलास कळवावयाचे राहून गेले होते. पुढच्या मंगळवारीही कुलूपच. पत्रातील वाक्य त्या वेळचे आहे.

ह्या तीन घरांची आम्हांस फिरून आठवण व्हावी, असा एक वृत्तांत अलीकडे आमच्या वाचनात आला. तो आहे इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल ह्या शहरातील एका पाववाल्या कंपनीचा. मुलांनी उपाशीपोटी शाळेत बसू नये म्हणून ही कंपनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांस न्याहरी पुरवीत आली आहे. विलायतेत, आणि तेही ह्या शतकात, मुले उपाशीपोटी शाळेत येतात, हेच प्रथम आमच्या घरी कोणास खरे वाटेना. साहेबाचा देश म्हणजे लोणी-पावाचा देश, अशी आपली समजूत पुष्कळ जुनी आहे.

न्यूकॅसल हे टाइन नदीवरचे शहर. कोळसा आणि जहाजे ह्यांवर तो सारा प्रांत जगला, आणि दोन्ही धंदे बसले तेव्हा तो सारा प्रांत एकदम बसला. नदीच्या खालच्या अंगास जॅरो म्हणून एक गाव आहे. तेथील जहाजांचा कारखाना बंद पडल्यावर १९३६ च्या ऑक्टोबरात तेथून दोनशे बेकार माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन पायी लंडनला निघाली. वाट जवळजवळ तीनशे मैलांची. पंतप्रधान बॉल्डविन ह्यांनी त्यांची भेट नाकारली. त्यांच्याबरोबर वाटेत चालणाऱ्या त्यांच्या प्रतिनिधी एलन विल्किन्सन ह्या बाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३९ साली, जॉन ग्रेग नावाचा मनुष्य न्यूकॅसलमध्ये सायकलवरून घरोघर अंडी आणि पाव फुगविण्याचे खमीर पोचवू लागला. त्या काळी तेथील बाया पाव घरीच भाजीत. (अंड्यांच्या उल्लेखाने आमच्या कोणा वाचकांचे सोवळे मोडले असल्यास क्षमा असावी.) १९५१ साली त्याने गॉसफर्थ ह्या उपनगरात एक दुकान काढले. दुकानाच्या मागे भट्टी आणि पुढे विक्री, असा थाट. १९६४ साली जॉन ग्रेग वारला आणि धंदा त्याचा मुलगा इयन ह्याने हाती घेतला. १९८४ साली कंपनीचे भाग लंडनच्या बाजारात विकले गेले, आणि आज ब्रिटनमध्ये ज्या गावी ग्रेग्जचे दुकान नाही असे गाव शोधावे लागते. तीत श्रीमंताने मुद्दाम जावे असे काही नाही. कामावर जाणारा मजूर, शाळकरी पोर, बसची वाट पाहणारी म्हातारी अशी तिची गिऱ्हाइके. ज्या माणसांच्या पैशावर कंपनी मोठी झाली, त्यांचीच मुले उपाशी असतात, ही गोष्ट कंपनीस फार दूर जाऊन पाहावी लागली नाही.

१९८७ साली कंपनीने एक धर्मादाय निधी स्थापन केला. कोणाकडे चूल नाही, कोणाच्या पोराला बिछाना नाही, अशा घरांस त्यातून मदत जाई आणि जाते. शाळांतील न्याहरीची कल्पना निघाली ती १९९९ साली, इयन ग्रेग ह्यांच्या पुढाकाराने. पहिली न्याहरी न्यूकॅसलमधील एका प्राथमिक शाळेत मांडली गेली. योजना अगदी साधी आहे आणि तिच्या साधेपणातच तिची सर्व अक्कल आहे. ज्या शाळेत गरिबांची मुले पुष्कळ, अशी शाळा घ्यावयाची. जवळच्या दुकानातून तिला ताजा पाव फुकट द्यावयाचा. दूध, फळे, वाट्या आणि पाव भाजण्याचे यंत्र ह्यांकरिता निधीतून रक्कम द्यावयाची. बाकीचे सर्व शाळेने आणि पालकांनी पाहावयाचे. म्हणजे कंपनीचा मनुष्य वाढपी होऊन तेथे उभा राहत नाही. वाढणारी बाई बहुधा त्याच गल्लीतली, कोणा मुलाची आई किंवा आजी. शाळेची घंटा होण्यापूर्वीचा अर्धापाऊण तास मुले येतात, भाजलेल्या पावास लोणी लावून खातात, दूध पितात, आणि वर्गात जाऊन बसतात. थोड्याच वर्षांत अशा शाळा शेकड्यांनी झाल्या. २०२५ अखेर हजार शाळांत रोज सत्तर हजार न्याहाऱ्या व्हाव्या, असा संकल्प कंपनीने २०२१ साली सोडला. खर्चाचा काही भाग इतर कंपन्याही उचलतात.

आमचे लक्ष ज्या गोष्टीने वेधले ती निराळीच आहे. त्या टेबलाशी बसणाऱ्या मुलास तू गरीब आहेस काय, असे कोणी विचारीत नाही. शाळेतील कोणतेही मूल येऊन बसू शकते. घरी भरपूर खाऊन आलेले पोरही मित्राच्या सोबतीने बसते, आणि त्याच्या शेजारी आदल्या रात्रीपासून उपाशी असलेले पोर बसते, आणि बघणाऱ्यास दोहोंतला भेद कळत नाही. व्यवहारी मनुष्य म्हणेल की ही उधळपट्टी झाली. ज्याला गरज नाही त्याला पाव कशाला? आम्हीही प्रथम तसेच म्हटले. मग सोमवारच्या घरची पडवी आठवली. त्या घरी आजोबांस पोटभर मिळत असे आणि तरी साठ वर्षांनी त्यांच्या बोलण्यात येई ती पडवीच. शुक्रवारच्या घरच्या मुलांच्या ताटात पडणारे अन्न काही कोणी आजोबांच्या नावे खर्ची टाकले नव्हते. परंतु त्या मुलांची पंक्ती होती म्हणूनच आजोबांचे जेवण हे जेवण होते. न्यूकॅसलमध्ये ज्याला गरज नाही त्या पोराला दिलेला पावाचा तुकडा हे शेजारच्या पोराच्या अब्रूचे मोल आहे, आणि ते फार महाग नाही.

अशा न्याहरीने विद्येत भर पडते काय, ह्याचीही परीक्षा त्या लोकांनी केली आहे. मोजल्यावाचून त्यांचे समाधान होत नाही. ‘मॅजिक ब्रेकफास्ट’ नावाच्या दुसऱ्या एका संस्थेच्या न्याहरीसंबंधी १०६ शाळांत केलेली पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत सहा-सात वर्षांची मुले वाचन, लेखन आणि गणित ह्यांत वर्षाकाठी सुमारे दोन महिने पुढे गेलेली आढळली. विशेष हे की वर्गाचा सगळा नूरच बदलला आणि त्याचा फायदा न्याहरीस न येणाऱ्या मुलांसही झाला. वर्गात पाच पोरे भुकेने कुरकुरत असली तर मास्तरांचे निम्मे लक्ष तिकडेच जाणार, हे कळण्यास आमच्या मते पाहणीची आवश्यकता नव्हती. परंतु आता आकडे आहेत तर असोत.

शिळ्या मालाचाही एक प्रश्न आहे. भट्टीवाल्याकडे रोज संध्याकाळी काही ना काही उरतेच. उरलेले गरिबास द्यावे, हा विचार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. स्वयंपाकघरातले शिळे दारच्या मोलकरणीस देताना त्यात काही खटकावे असे आपणांस वाटत नाही. उष्टे देऊ नये हे आपण पाळतो, शिळ्याला मात्र सूट. ह्या कंपनीने शाळेकरिता ताजा पाव ठेवला, आणि आदल्या दिवशीच्या मालाकरिता गरीब वस्त्यांत निराळी दुकाने काढली. तेथे तो माल पुष्कळ कमी किमतीस मिळतो आणि नफ्याचा काही भाग त्याच वस्तीतील संस्थांस जातो. शिळे आहे हे गिऱ्हाइकास ठाऊक असते. तो आपले नाणे टाकतो, आवडेल ते उचलतो आणि नको ते परत ठेवतो. परत ठेवण्याचा हक्क हा फुकट मिळालेल्या शिळ्यात नसतो. आमच्या घरी ह्या मुद्द्यावर दोन दिवस वाद चालला होता. सूनबाईंनी त्यानंतर कामाच्या बाईंस सकाळच्या पोळ्या सकाळीच बाजूस काढून ठेवण्यास आरंभ केला, एवढे नमूद करण्यास हरकत नाही.

येथवर वाचून आम्ही कंपनीची स्तुतिस्तोत्रे गात आहोत असे कोणास वाटेल. तसे नाही. ब्रिटनमध्ये गरिबांत मोडणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले अशा घरांतील आहेत की जेथे आई किंवा बाप, निदान एक माणूस, कामावर जातो. म्हणजे भूक बेकारीतूनच येते असे नाही, अपुऱ्या पगारातूनही येते. मग पगार देणारा आणि पाव देणारा एकच असेल तर काय म्हणावे? ग्रेग्ज कंपनी नफ्याचा दशांश आपल्या नोकरांत वाटते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु २०२० च्या जानेवारीत घडलेली गोष्टही सांगितली पाहिजे. आदल्या वर्षी कंपनीने मांसाशिवायचा एक सॉसेज रोल काढला होता आणि तो अफाट खपला. (आमच्या शाकाहारी वाचकांस ह्याचा अभिमान वाटण्यास प्रत्यवाय नसावा.) त्या आनंदाप्रीत्यर्थ जुन्या नोकरांस प्रत्येकी तीनशे पौंड जाहीर झाले. तेव्हा वर्तमानपत्रांनी हिशेब मांडला की नोकरांपैकी कित्येक तुटपुंज्या मिळकतीमुळे सरकारी साहाय्य घेतात. त्यांची मिळकत वाढली म्हणून साहाय्य तितके कापले जाईल, आणि कर वजा जाता काहींच्या हाती पाऊणशेच पौंड उरतील. ह्यात कंपनीने लबाडी केली असे कोणी म्हटले नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. परंतु जी कंपनी दुसऱ्यांच्या मुलांस न्याहरी घालते, तिच्या काउंटरमागे उभी असलेली बाई स्वतः सरकारी साहाय्यावर असावी, हे त्या हिशेबाने सर्वांस दिसले. आमच्या समजुतीप्रमाणे कंपनीचे पहिले अन्नदान तिच्या पगारपत्रकात असते, आणि तेथे कसर करून शाळेत पाव वाटणारा कारखानदार आम्हांस आवडणार नाही, मग तो विलायतेतला असो की पिंपरी-चिंचवडचा.

त्याच वर्षी मंगळवारचे कुलूपही लागले. मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ग्रेग्जने आपली सर्व दुकाने बंद केली. १९८४ नंतर प्रथमच कंपनीस वर्षाअखेर तोटा आला. माणसे सज्जनच होती. परंतु घरात काही घडले आणि दाराला कुलूप लागले, आणि आत जेवणारा कोण होता ह्याचा विचार त्या वेळी कुलूप लावणाराने करावयाचा म्हटला तरी किती करणार? कंपनीची भूतदया कितीही खरी असली तरी ती ताळेबंदाच्या खालच्या ओळीस बांधलेली असते. म्हणून कित्येक विचारी लोक म्हणतात की मुलांचे अन्न हे सरकारनेच दिले पाहिजे. हे आम्हांस मान्य आहे, आणि तरी एक शंका राहते. एलन विल्किन्सन बाई १९४५ साली शिक्षणमंत्री झाल्या आणि १९४६ च्या कायद्याने शाळेतील प्रत्येक मुलास रोज दूध फुकट मिळू लागले. जॅरोच्या वाटेवर त्यांनी जे पाहिले त्याचे ते फळ, असे आम्ही समजतो. १९६८ साली मोठ्या मुलांचे दूध बंद झाले. ते मजूर पक्षाच्या सरकारने केले. १९७१ साली सात वर्षांवरील मुलांचे बंद झाले. ते मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना झाले. म्हणजे सरकारचे घरही दोनदा कुलूप लावून गेले. फरक इतकाच की सरकारच्या दाराशी जाऊन ओरडता येते.

ते ओरडणे २०२० च्या जूनमध्ये मार्कस रॅशफर्ड ह्या बावीस वर्षांच्या फुटबॉलपटूने केले. साथीच्या उन्हाळी सुटीत गरीब मुलांच्या जेवणाची व्यवस्था चालू ठेवण्यास सरकार तयार नव्हते. त्याने पार्लमेंटच्या सभासदांस उघडे पत्र लिहिले. आपली आई दिवसभर राबूनही घरात पुरेसे नसे आणि शाळेची न्याहरी व फुकट जेवण ह्यांवर आपण वाढलो, हे त्याने त्यात लपविले नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरविला आणि सुमारे तेरा लक्ष मुलांची सुटीतली सोय झाली. कोट्यवधी पौंडांचा खेळाडू झाल्यावर ‘मी वारावर जेवलो’ असे भर बाजारात सांगणे सोपे नाही; आमच्याकडील वारावर जेवलेल्या कित्येक रावबहादुरांस ते साधले नव्हते. पुढे, २०२५ च्या एप्रिलपासून, इंग्लंडमधील ७५० शाळांत सरकारी खर्चाने मोफत न्याहरी सुरू करण्यात आली. वेल्सने हे २००४ सालीच आरंभिले होते. पाववाल्याने एका शाळेत मांडलेली गोष्ट सरकारने उचलावयास इंग्लंडात पंचवीस वर्षे लागली. तोवर मध्यंतरीची मुले त्या पाववाल्यासारख्यांनीच सांभाळली.

आपल्याकडे दुपारच्या जेवणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आदेश देऊन मार्गी लावला, आणि शाळेतील खिचडी ही आता कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही. त्या बाबतीत विलायतेने आपणांकडून शिकावे. कंपन्यांपुरते पाहिले तर २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याकरिता खर्चण्याचे बंधन घातले. ज्या कामांवर तो खर्च चालेल त्यांच्या यादीत पहिलेच कलम भूक, दारिद्र्य आणि कुपोषण ह्यांच्या निवारणाचे आहे. कंपनी जेथे चालते त्या आसपासच्या भागास अग्रक्रम द्यावा, असेही कायदा सांगतो. हे शेवटचे वाक्य आमच्या वाचकांपैकी जे कोणी कंपन्यांत अधिकाराच्या जागी आहेत त्यांनी फिरून वाचावे. कारखान्याच्या भिंतीपलीकडील वस्तीत सकाळी किती मुले चहावर शाळेत जातात, हे भिंतीच्या आतील कँटीनवाल्यास बहुधा ठाऊक असते. त्याला विचारले म्हणजे झाले.

आजोबांचे पत्र आम्ही नातवास वाचून दाखविले आणि वारांची सर्व कथा सांगितली. पुढे ते स्वतः गृहस्थाश्रमी झाल्यावर त्यांनी आपल्या घरी एका मुलाचा वार लावून घेतला होता, तो मंगळवारच. घरची मंडळी कोकणात जावयाची झाली म्हणजे आजी आधी शेजारच्या काकूंकडे त्या मुलास घेऊन जाई, त्यांचे स्वयंपाकघर त्यास दाखवून येई, आणि मगच ट्रंक भरावयास बसे. हे सर्व ऐकून घेतल्यावर नातवाने एवढेच विचारले की कुलूप असे त्या मंगळवारी आजोबा काय खात. फुटाणे, असे आम्ही सांगितले. ते आम्हांस नक्की ठाऊक आहे. कारण पुढे आयुष्यभर त्यांनी फुटाण्यांस हात लावला नाही.